अख्खी ढलपी

१

ताई गेली तेव्हा सगळे रडले आणि मला राग आला. अजून आहे. कित्येक महिने तिला आजार माहीत होता आणि मला, सख्ख्या बहिणीला, तिनं ताकास तूर लागू दिली नाही. फोन रोज करायची. माझं पडदे शिवायचं दुकान कसं चाललंय, नवरा टेम्पो घेऊन कुठे गेलाय, खोदून खोदून विचारायची. आणि तिचं विचारलं की, "माझं काय, मी मजेत." मजेत! भाऊजींना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, त्या पक्ष्यालाही माहीत असेल. मला कळलं ते थेट हॉस्पिटलात, नर्सनं तिच्या बोटातली हिरव्या खड्याची अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली तेव्हा. मी ती बोटात घातली आणि तिथल्या तिथे नर्सलाच ओरडले. बिचारीचा काही दोष नव्हता.

तो पक्षी म्हणजे पिठ्या. छोटा पांढरा काकाकुवा, कबुतराहून थोडा मोठा, चोचीच्या मुळाशी फिकट गुलाबी. कुठल्यातरी उष्ण बेटांवरची ही जात, असं पक्ष्यांच्या डॉक्टरनं ताईला सांगितलं होतं. पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते. टीव्हीवर भुकटी, चहाच्या कपावर भुकटी, भाऊजींच्या चष्म्यावर भुकटी. भाऊजी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि घरी येऊन स्वतःचा चष्मा पुसत बसायचे. म्हणून नाव पिठ्या.

आणि हात म्हणाल तर चोराचे. डब्याची झाकणं, खिडकीची खिट्टी, पिंजऱ्याचं कुलूप, दाराचं हँडल, काही म्हणता काही शिल्लक ठेवायचा नाही. दुपारी ताई आडवी झाली की हा हँडलवर लोंबकळून दार उघडायचा आणि तिच्या कानापाशी जाऊन किंचाळायचा. शेवटी तिनं झोपायच्या खोलीला आतून वरच्या बाजूला कडी बसवून घेतली. मग या बाबानं नवीन उद्योग काढला. दाराच्या चौकटीचं लाकूड चोचीनं सोलून त्याची लांब, पातळ ढलपी काढायची आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवायची. ताई पलंगावरून हात खाली सोडून ती परत बाहेर सरकवायची. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिची झोप कसली, दुपारभर हाच खेळ.

त्या खेळाचे नियम मला पाठ आहेत, कारण तिनं मला ते शंभरदा ऐकवलेत. ढलपीला एक बाजू टोकदार असते आणि एक बोथट. परत पाठवताना ती नेहमी उलटी करून बोथट बाजू पुढे करायची, पिठ्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. आणि उठायची वेळ झाली की ढलपी कडकन मोडून दोन्ही तुकडे एकदम बाहेर टाकायची. तुकडे दिसले की पिठ्या मागे सरकून तुरा फुलवून उभा राहायचा. मग ताई कडी काढायची, बाहेर यायची, आणि भाऊजी चहा टाकायचे.

अख्खी ढलपी म्हणजे अजून थांब. मोडलेली म्हणजे आले. एवढंच.

२

महिनाभरानं मी भाऊजींना न्यायला गेले. माझ्या घरी एक खोली रिकामी आहे, नवरा आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर असतो, भाऊजींनी येऊन राहावं असं ठरलं होतं. फोनवर ते "हो हो" म्हणायचे. तिकडे पोचले तर माणूस ओळखू येईना. गालांची हाडं वर आलेली, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. स्वयंपाकघरात मी डब्यांसाठी ज्या बाईला पैसे देत होते तिचे डबे न उघडता रचून ठेवलेले.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"काही नाही. भूक नसते."

झोपायच्या खोलीच्या बंद दारासमोर त्यांनी खुर्ची टाकली होती. पायाशी पिठ्या. चौकट गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत सोलून पांढरी पडली होती आणि खाली ढलप्यांचा ढीग.

मी पिशवी ठेवली आणि सरळ दाराकडे गेले. ताईचे कपडे भरायचे होते. हँडल फिरवलं, दार ढकललं. हललं नाही.

"आतून कडी आहे," भाऊजी म्हणाले.

"आतून कडी कशी असेल? आत कोण आहे?"

तेवढ्यात पिठ्यानं एक ढलपी उचलली, मान तिरकी करून फटीत घातली आणि आत ढकलली. ती पूर्ण दिसेनाशी झाली. मी बोलतच होते, की सुतार बोलावते, आत्ता तोडून घेते. आणि ढलपी परत आली.

सावकाश आली. फटीतली पांढरी भुकटी जराशी उडाली. पिठ्यानं ती ओढून घेतली, तोंडात फिरवली आणि पुन्हा आत सारली. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्यांच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

"बघितलंस?" ते म्हणाले.

बघितलं होतं. आणि त्यांनी न बघितलेलंही बघितलं होतं. ढलपी टोकदार बाजू पुढे करून आली होती.

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. उभं आयुष्य टेप घेऊन खिडक्या मोजण्यात गेलंय. जे मोजता येत नाही त्याचा पडदा शिवता येत नाही. तेव्हा मी पहिल्यांदा पिठ्याला धरलं. दारावर हवेसाठी काचेची झडप आहे, ती उघडी होती. हा दिवटा तिथून आत गेला असणार, सवयीनं कडी सरकवली असणार, आणि तिथूनच बाहेर आला असणार. झालं, कडीचं कोडं सुटलं. ढलपीचं काय? फरशीला उतार असेल. आत काहीतरी स्प्रिंगसारखं अडकलं असेल. वारा असेल.

"खिडकी बंद आहे," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

स्टूल आणलं आणि झडपेतून आत डोकावले. भर दुपार होती, खोलीत लख्ख उजेड. पलंग, त्यावर घडी केलेली चादर, तिचा चष्मा, पाण्याचा तांब्या, मीच शिवलेला निळा पडदा. पडद्याची शिलाई एका बाजूला अर्धा बोट तिरकी आहे, ती मला तिथूनही दिसली. खोलीत कुणी नव्हतं. कपाट उघडं होतं आणि त्यात फक्त कपडे. पलंगाखालीही मोकळं.

एवढंच की झडप बरोबर दाराच्या वर आहे. सगळी खोली दिसते, पण दाराला लागून असलेली हातभर जमीन दिसत नाही. मान कितीही मोडली तरी नाही.

मी स्टुलावरच होते, पिठ्या माझ्या खांद्यावर येऊन बसला होता आणि माझा कान कुरतडत होता. खाली भाऊजी वाकले. त्यांनी एक ढलपी आत सारली. मी वरून आत बघत होते. काही हललं नाही, काही आवाज झाला नाही, कुठे सावलीसुद्धा पडली नाही.

"आली," भाऊजी खालून म्हणाले.

मी स्टुलावरून उतरले, पुठ्ठा आणला, झडप बंद करून त्यावर चिकटपट्ट्या मारल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. रागाला काहीतरी काम लागतं.

४

"ताई नाहीये ती," मी रात्रीचं जेवण वाढताना त्यांना तोंडावर सांगितलं.

"मग कोण आहे?"

"कुणीच नाही. पण समजा कुणी असलंच, तर ती ताई नाही. ताई बोथट बाजू पुढे करायची. टोकदार कधीच नाही. आणि ताई गप्प बसायची का हो? खेळताना तोंडाचा पट्टा चालूच असायचा तिचा. चोरा, दरोडेखोरा, मेल्या, झोपू दे म्हणून. आतून एक शब्द तरी ऐकलात?"

"आजारी होती गं," भाऊजी म्हणाले. "दमली असेल."

त्यांनी दोन घास खाल्ले, तेही मी समोर बसले म्हणून, आणि पुन्हा दाराकडे मान वळवली.

"उद्या माझ्याबरोबर चला."

"ती मोडेल ना, मग येतो."

"काय मोडेल?"

"ढलपी. मोडली की बाहेर येईल. मी चहा टाकीन. मग तिघं जाऊ तुझ्याकडे." हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू ताई आंघोळीला गेली आहे. मग म्हणाले, "मी नसताना ती बाहेर आली आणि घरात कुणीच नसलं तर?"

डॉक्टरांना मी फोन केला होता. ते म्हणाले, या वयात, या तब्येतीला, असंच उपाशी बसले तर फार दिवस काढणार नाहीत, उचलून आणा. उचलून आणा! सोफा आहे का तो? मी दंडाला धरून ओढून बघितलं. या माणसानं आयुष्यात कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्यानं खुर्चीचे हात असे घट्ट धरले आणि असा ओरडला की पिठ्या उडून पंख्यावर जाऊन बसला.

सुताराला बोलावते म्हटलं तर म्हणाले, "तिच्या दाराला कुणी हात लावला तर मी गॅलरीतून उडी टाकीन." आणि ते टाकतील असं वाटलं मला. म्हणून दार राहिलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खुर्चीत पेंगले, तेव्हा मी ते केलं. करणार नव्हते. पण करून बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

ढिगातल्या चांगल्या ढलप्या निवडल्या. माझ्या पिशवीत शिवणाचा लाल खडू असतो, त्यानं प्रत्येकीवर फुली मारली, म्हणजे माझ्या ओळखू येतील. मग दारापाशी मांडी घालून बसले आणि पहिली आत सरकवली. बोथट बाजू पुढे करून, नियमाप्रमाणे.

वाट बघितली. काही नाही.

शेजारी पिठ्यानं त्याची सारली. लगेच परत आली, टोक पुढे. मी माझी दुसरी सारली. काही नाही. तिसरी सारली. काही नाही. पिठ्याची परत आली.

खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पक्ष्याची परत पाठवतेस, नवऱ्याची परत पाठवतेस, आणि माझी नाही? जिवंतपणी मला काही सांगितलं नाहीस आणि आताही नाही? मी पाठोपाठ सगळ्या ढलप्या आत कोंबल्या. फटीला तोंड लावून म्हटलं, "ताई, एक तरी परत कर. एक. मग मी तुला काही बोलणार नाही."

आतून गार हवा आली. बंद खोलीची असते तशी, कपड्यांचा वास असलेली. फटीपलीकडे, अगदी जवळ, काहीतरी गप्प होतं. गप्प असणं ऐकू येत नाही म्हणतात, पण दुकानात पडद्यामागे गिऱ्हाईक उभं असलं की मला न बघता कळतं. तसंच कळलं. माझ्या तोंडासमोर, माझ्याचसारखं जमिनीला गाल लावून, कुणीतरी ऐकत होतं.

मी उठले. भाऊजी जागे होते आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते.

"तुझी नाही का पाठवत?" ते म्हणाले. "पाठवेल. तुझा राग गेला की पाठवेल."

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि खूप रडले. रागानंच.

६

मग माझ्या डोक्यात ती अक्कल आली.

हा माणूस कशाला अडलाय? मोडलेल्या ढलपीला. ठीक आहे. मोडलेली ढलपी देऊ या. तुकडे दिसतील, हे वाट बघतील, दार उघडणार नाही. तास जाईल, संध्याकाळ होईल, तरी उघडणार नाही. मग यांच्या डोक्यात प्रकाश पडेल की आत कुणी नाही. रडतील, पडतील, पण चार घास खातील आणि माझ्याबरोबर येतील. दुष्टपणा होता, मान्य. पण माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. ताईच्या घरचा खेळ ताईच्या घरच्याच नियमानं संपवायचा, एवढंच मी ठरवलं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. "तू पण ना! पाखराशी पत्ते खेळायला बसलीस."

"तू तुझा टेम्पो चालव," म्हटलं आणि फोन ठेवला.

भाऊजी दाढीला गेले. मीच पाठवलं होतं, दाढी करा नाहीतर मी करीन म्हणून. पिठ्या कपाटावर होता. मी एक ढलपी घेतली, कडकन मोडली आणि दोन्ही तुकडे फटीपाशी टाकले, आतून आल्यासारखे. मोडल्याचा आवाज चांगला मोठा झाला. मोठा झाला म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं, कारण बाथरूममधला नळ लगेच बंद झाला.

भाऊजी बाहेर आले, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी तुकडे बघितले. आत गेले, उरलेली दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला. तिथून त्यांनी हाक मारली, "तुला साखर कमी ना?"

मला स्वतःची किळस आली. पण आता बाण सुटला होता.

७

पिठ्या कपाटावरून उतरला. मला वाटलं, आता तुरा फुलवून मागे उभा राहील. तसं झालं नाही. तो तुकड्यांपाशी गेला, एक उचलला, डोळ्यासमोर धरून फिरवून बघितला. मग त्यानं तो फटीतून आत सारला. दुसराही सारला.

या पक्ष्यांना एकानं करून दाखवलं की दुसरा शिकतो, हे ताईनंच मला सांगितलं होतं. तिला त्याचं फार कौतुक.

"अरे, नको," मी म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही.

दोन्ही तुकडे आत गेले. परत काही आलं नाही. स्वयंपाकघरात चमचा वाजत होता. भाऊजी तीन कप ट्रेमध्ये घेऊन आले आणि दारासमोर उभे राहिले, नवरदेवासारखे ताठ.

आणि मग दारामागून, खाली जमिनीजवळून, आवाज आला. कट्. हलका, अर्धवट. ढलपी वाकली, मोडली नाही. थोडं थांबून पुन्हा. कट्. मग कडकन.

फटीतून दोन तुकडे बाहेर आले. टोक पुढे. दोन्हीवर माझ्या लाल खडूची अर्धी अर्धी फुली होती.

एक गोष्ट मला तेव्हा कळली आणि मी आजही तेवढीच धरून बसले आहे. ताईला ढलपी मोडायला शिकवावी लागली नसती.

पिठ्या मागे सरकला. तुरा फुलवला नाही. सगळी पिसं अंगाला घट्ट चिकटवून तो काटकुळा झाला, माझ्या पायावरून, कमरेवरून चढत मानेपाशी आला आणि केसांत तोंड खुपसून थरथरायला लागला. ताईला तो कधी घाबरला नव्हता.

"भाऊजी, मागे व्हा."

"अगं, येतेय ती."

"ती नाहीये! ते तुकडे मी टाकले होते. मी! ऐकताय का? मी मोडली होती!"

कडी सरकली. कुरकुरत, थांबत, पुन्हा मागे जाऊन, पहिल्यांदाच हात लावल्यासारखी. ताई ती झोपेतही एका झटक्यात काढायची.

दार आत उघडतं. ते हातभर उघडलं. निळ्या पडद्याचा उजेड बाहेर आला, ताईच्या कपड्यांचा वास आला. उभ्या माणसाच्या उंचीवर मी बघत होते आणि तिथे कुणी नव्हतं. मग खाली बघितलं. जमिनीपासून वीतभर वर, दाराच्या कडेला चार बोटं होती. पांढरी, भुकटी लागलेली. एका बोटात हिरव्या खड्याची अंगठी.

मी माझ्या हाताकडे बघितलं. ताईची अंगठी माझ्या बोटात होती.

भाऊजींनी ट्रे सोडून दिला आणि दोन्ही हात पुढे केले. मी त्यांना खांद्यानं ढकललं, हँडल धरलं आणि सगळा जीव लावून दार ओढलं. बोटं मध्ये सापडली. मला जाणवलं ते. किंचाळी ऐकू येईल म्हणून मी दात आवळले. ती काही आली नाही. मी ओढत राहिले आणि ती बोटं एकेक करून, घाई न करता, आत गेली. मग मी बाहेरची कडी लावली.

किंचाळत होते ते भाऊजी.

८

खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला धावत आला. आम्ही दोघांनी भाऊजींना खाली आणलं. त्यांच्यात प्रतिकार करायला जोरच नव्हता. फ्लॅटला मी कुलूप घातलं. परत गेले नाही, जाणारही नाही. सामान तिथेच आहे.

आता ते माझ्या घरी आहेत. डॉक्टर म्हणतात वजन वाढतंय. जेवतात, चालायला जातात, माझ्या नवऱ्याबरोबर टीव्ही बघत गप्पा मारतात. माझ्याशी एक शब्द नाही. पहिल्या दिवशी तेवढं बोलले होते. मी त्यांना अंगठी दाखवली, म्हटलं, बघा, ही खरी, मग ती कुठली होती? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिची आहे ती," ते म्हणाले. "परत दे तिला. आणि तिची बोटं चेमटवलीस ते मी विसरणार नाही."

जीव वाचवला त्याची ही पावती. राग येणार नाही तर काय होईल? दुपारी दुकान बंद करून घरी येते, तेव्हा त्यांची ती नजर नको म्हणून मी माझ्या खोलीत जाते आणि आतून कडी लावून पडते. पिठ्याला बरोबर घेते. तो आता काही सोलत नाही, काही उघडत नाही. कपाटावर बसून असतो.

आजही तशीच पडले होते. नवरा गावाला गेलाय. डोळा लागत होता, तेवढ्यात पिठ्यानं पिसं अंगाला चिकटवली. मी त्याच्या नजरेच्या रोखानं बघितलं. दाराच्या फटीतून ढलपी आत येत होती. टोक पुढे.

भाऊजी असतील, म्हटलं. आता हा खेळ माझ्याशी सुरू केलाय, छान. तावातावानं उठले, ती उचलली, आणि हातात धरून बघत राहिले. त्यावर लाल खडूची फुली होती. ताईच्या खोलीत मी कोंबलेल्यांपैकी. फ्लॅटची किल्ली माझ्या उशीखाली आहे.

तेव्हा एक परत कर म्हणून विनवत होते. आता करतेय.

मी ती उलटी केली आणि बोथट बाजू पुढे करून बाहेर सरकवली. अख्खी. थोड्या वेळानं दुसरी आली. तीही परत केली. मग तिसरी. बाहेर पावलांचा आवाज नाही, कपड्यांचा नाही. फटीतून पांढरी भुकटी तेवढी आत येतेय, आणि पिठ्या तर इथे माझ्याजवळ आहे. मी दाराशी बसून एकेक घेते, फुली बघते, उलटी करते, परत पाठवते.

आत्ताच स्वयंपाकघरातून कप काढल्याचा आवाज आला. मग भाऊजी दारापाशी आले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले, आणि आवाज किती मऊ. पूर्वी मी माहेरपणाला त्यांच्याकडे जायचे, तेव्हा असेच बोलायचे.

"मोड ना गं आता," ते म्हणाले. "चहा गार होतोय तिचा."